मातीच्या पत्रिकेत जिवाणूंचा रकाना कुठे आहे?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरीप तोंडावर आला की युरियाची टंचाई, लिंकिंग (युरियाबरोबर नको असलेला माल गळ्यात मारणे) आणि दुकानांपुढच्या रांगा यांच्या बातम्या येतात. यायलाच हव्यात. पण पोते मिळाले, रानात विसकटले, त्यानंतर त्या खताचे काय होते यावर कुणी लिहीत नाही. ते ठरवणाऱ्या जिवाणूंना सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेतही (माती तपासणीच्या अहवालात) जागा नाही. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असते खरे, पण मातीतल्या जिवाणूंच्या विकरांनी (एन्झाइम) आधी त्याचे अमोनियम होते, मग नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर यांसारखे जिवाणू बऱ्याचशा अमोनियमचे नायट्रेट करतात. ऊस मुख्यतः उचलतो ते या दोन रूपांत. म्हणजे आपण पैसे दुकानदाराला देतो, पण खत पिकापर्यंत पोहोचवणारे हे जिवाणूच.

आमच्या शिरोळ भागात उपसा सिंचन येण्याआधी शाळू, हरभरा, तूर, भुईमूग असा फेरपालट होता. आता उसाची लागण, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक), पुन्हा लागण. पिकाबरोबर मुळांतून पाझरणारे अन्न बदलते आणि त्यावर जगणारी जिवाणू-बुरशींची वस्तीही बदलते. कडधान्याचा बेवड (आधीच्या पिकाचा फायदा) गेला की त्यांच्या मुळांवर राहणारे रायझोबियम जिवाणू यजमानाविना हळूहळू विरळ होतात. पाटाने भरमसाट पाणी दिले की मातीतली हवा संपते. मग बिनहवेचे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जाते. ऊस पिवळा दिसतो, शेतकरी आणखी एक डोस टाकतो. क्षारपड झालेल्या रानांची सुरुवात पुष्कळदा अशाच पाण्याने झाली आहे.

फुलोऱ्याच्या सुमारास हरभऱ्याचे एक झाड मुळासकट, ढेकळासह काढून पाहा. मुळावरची गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी-तांबडी निघाली, तर ती हवेतला नत्र बांधते आहे. पांढरी वा हिरवट निघाली, तर तिथे काम चाललेले नाही. उसाला दिलेले भरपूर नत्र शिल्लक असलेल्या रानात गाठीच कमी येतात, कारण आयते मिळत असताना झाड जिवाणूंना पोसत नाही. स्फुरदाचा (फॉस्फरस) अतिरेक झाला की मुळांना स्फुरद पुरवणाऱ्या मायकोरायझा बुरशीचेही तेच होते.

तरीही खत म्हणजे विष, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. पाचटात (उसाच्या वाळलेल्या पानांत) कर्ब (कार्बन) उदंड आणि नत्र अगदी थोडे, त्यामुळे ते कुजवताना जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात. खोडव्यात सरीत पाचट ठेवून वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणूसंवर्धन (पाकिटातले जिवंत जिवाणू) टाकायला सांगतात ते यासाठीच. इथे युरिया जिवाणूंचेच खाद्य होतो. पेटवलेल्या पाचटाची मात्र राख उरते आणि कर्ब धुरावाटे जातो. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथे रासायनिक खतावरही पीक येते, पण दरवर्षी शेणखत मिळालेल्या तुकड्यांत सेंद्रिय कर्ब दुपटीहून अधिक आहे. त्याच शेताचा एक कोपरा १८८२ मध्ये नांगर न लावता सोडला. आज तिथे झाडी आहे आणि मातीतला कर्बही वाढला आहे. तिकडची माती वेगळी, हवामान थंड, तेव्हा आकडे जसेच्या तसे इकडे आणू नयेत. नत्रखताने माती आंबट होते हा धोकाही कोकणातल्या जांभ्या मातीत जास्त; आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात अमोनिया उडून जाण्याचा त्रास मोठा.

आता मुद्द्याचे. २०१५ पासून केंद्राची मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तीत १२ तपासण्या असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. आरोग्य म्हणायचे आणि जिवंत असे काहीच मोजायचे नाही! ओलसर मातीतून २४ तासांत किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, एवढे मोजले तरी जिवाणूंच्या हालचालीचा अंदाज येतो, आणि त्याला फार महागडे यंत्र लागत नाही.

जिवाणूखतांचेही तसेच. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीतल्या रायझोबियममध्ये प्रतिग्रॅम किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. आमच्याकडच्या एका दुकानात ही पाकिटे भर एप्रिलात पत्र्याला लागून, खालच्या फळीवर कीटकनाशके, अशी ठेवलेली असतात. त्यांतले किती जिवंत राहत असतील? कृषी विभागाने छापील तारखेबरोबर साठवणही तपासावी. शेतकऱ्यांनीही बुरशीनाशक आधी आणि जिवाणूसंवर्धन सर्वांत शेवटी, सावलीत चोळावे. बरेच जण दोन्ही एकत्र कालवतात.

अनेक साखर कारखान्यांकडे माती परीक्षणाची प्रयोगशाळा आहे, ऊस विकास अधिकारी आहेत, सभासदांच्या रानांच्या नोंदी आहेत. पाचट ठेवणारी आणि पेटवणारी काही राने शेजारीशेजारी निवडून यंदाच्या खोडव्यापासून ही कार्बन डायऑक्साइड मोजण्याची श्वसन चाचणी सुरू करावी. त्यासाठी मंत्रालयातून आदेश यायची गरज नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर