दिवाळीला येत नाही, त्याचं कारण

शार्लट, 27 ऑक्टोबर 2024

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, तिकीट रद्द केल्याचं सांगितलं तेव्हा तू फोनवर एकदम गप्प झालीस. कारण नीट सांगायचं राहिलं, म्हणून लिहितेय.

हेलेन चक्रीवादळ 26 सप्टेंबरच्या रात्री फ्लोरिडाला धडकलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात शिरलं. ॲशव्हिल शहर इथून दोन-अडीच तासांवर. तिथलं पाणी त्या दिवशी गेलं. आता नळ वाहतायत, पण महिना झाला तरी ते पाणी पिण्याजोगं नाही.

बाबा, तुमच्यासाठी थोडं सविस्तर. शहराचं बहुतेक पाणी नॉर्थ फोर्क तलावातून येतं. 2004 च्या पुरात तिथल्या मुख्य जलवाहिन्या तुटल्या, म्हणून नंतर 36 इंची पर्यायी लाइन टाकली होती, जमिनीखाली 25 फूट. या वेळी तीही उखडली. ती जोडून झाली, तरी तलाव गढूळच. एरवी हे पाणी इतकं नितळ असतं की शुद्धीकरण केंद्रात गाळ बसवायच्या टाक्याच नाहीत, पाणी सरळ फिल्टरवर जातं. आताचा गाळ त्या फिल्टरला झेपत नाही आणि माती इतकी बारीक की आपसूक खाली बसत नाही. म्हणून तलावातच पडदे लावून तुरटी सोडतायत. आख्ख्या तलावाला तुरटी, बाबा!

पहिल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कपडे आणि पाण्याच्या बाटल्यांचा ढीग लागला. देणाऱ्यांनी मनापासून दिलं. पण पाण्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसांनी बाटल्यांवर थांबावं, हे मला पटेना. बाटल्या कुणीही देईल. लायसन्सवाला ऑपरेटर, मोठ्या व्यासाचे पाइप जोडणारा फिटर, गळती शोधणारा माणूस, लॅबमधली केमिस्ट हे आमच्यातूनच जायला हवेत. इथे पाणीपुरवठा संस्थांचं परस्पर मदतीचं एक जाळं आहे, एनसी वॉटरवॉर्न. ज्या गावाला अडचण त्याने काय हवं ते कळवायचं, बाकीच्यांनी माणसं आणि सामान पाठवायचं. करार आधीच झालेले असतात, त्यामुळे पैशावरून अडत नाही. मोठ्या शहरांच्या टीम त्यातून लगेच गेल्या. आमच्यासारखे खासगी कंपन्यांतले इंजिनिअर मात्र बाजूलाच होते. त्यांना फोन करून गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं. मागितल्याशिवाय कुणी जायचं नाही आणि जेवण-झोपायची सोय आपली आपण करायची, एवढे दोनच नियम ठेवले.

बरेचसे लोक खासगी विहिरींच्या कामाला लागले. डोंगरातल्या कितीतरी घरांना नळ नाहीच, बोअरचं पाणी. स्वॅनानोआ नदीच्या खोऱ्यात एका आजींच्या बोअरच्या टोपणावर वीतभर चिखल होता. नमुना घेण्याआधी तो धुवायलाही पाणी नव्हतं, मग आमच्याच कॅनमधलं वापरलं. आजी बाटलीकडे बघत एवढंच विचारत होत्या, चहा कधी करता येईल? रिपोर्ट आल्यावर क्लोरीन टाकायचं, पंप चालवून ते उपसायचं, परत नमुना घ्यायचा. एका घरामागे किमान दोन खेपा. म्हणून आई, सुट्टी तिकडे वळवली. लक्ष्मीपूजन इथेच करीन, काळजी करू नकोस.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. 2019 च्या पुरात कोल्हापूरला पाणी देणारी शिंगणापूर-बालिंग्याची पंपिंग स्टेशनं बुडाली, तेव्हा निवृत्त असूनही तुम्ही जुन्या व्हॉल्व्हमनना घरोघर जाऊन बोलावलं होतंत. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या बोळात पुरलाय ते नकाशात नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं. ॲशव्हिलमध्येही तेच दिसतंय. पुढच्या वादळाआधी आम्हाला इथल्या निवृत्त लोकांची तशी यादी करायचीय. तुमच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तुम्ही काय काय लिहून ठेवायचात, ते मला हवंय. पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करते, तेव्हा वही जवळ ठेवा.

तुमची,
मनू