पिवळा कागद म्हणजे जुने चित्र नव्हे

महोदय,

उष्ण प्रदेशांतील पक्ष्यांच्या जुन्या, हाताने रंगवलेल्या छापील चित्रांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. कागद पिवळा असेल तर चित्र अस्सल समजावे, हा त्यातला सल्ला मात्र खरेदीदाराला खड्ड्यात घालणारा आहे. चहाच्या पाण्यातून काढलेला कागदही जुनाच दिसतो.

आधी छपाई तपासावी. तांब्याच्या पत्र्यावर खोदलेल्या रेषांत शाई भरून वरची पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबाखालून काढतात. त्यामुळे चित्राभोवती पत्र्याच्या आकाराचा आयताकृती खळगा उमटतो. तो तिरक्या उजेडात दिसतो, बोटालाही लागतो. समास कापलेला असेल तर ही खूण जाते, आणि कोरा पत्रा दाबून ती खोटीही करता येते. म्हणून दहापट भिंग हवेच. खोदलेल्या रेषेची शाई कागदावर किंचित उंच बसते. तिथे रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते ऑफसेटचे पोस्टर.

खळगा नाही म्हणून इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांची चित्रे मात्र नाकारू नयेत. ती शिळाछाप, म्हणजे सपाट दगडावर काढून छापलेली आहेत. त्यांच्या हमिंगबर्डवरच्या ग्रंथात (१८४९-६१) पिसांची झळाळी सोन्याच्या वर्खावर पारदर्शक रंग देऊन साधली आहे. फ्रेंच निसर्गअभ्यासक ल व्हायां यांच्या नंदनपक्ष्यांच्या (बर्ड्स ऑफ पॅरडाइज) चित्रांत (१८०१-०६) रेषाच रंगीत दिसतील, कारण रंगीत शाया कापडी बोळ्याने पत्र्यावर जागोजाग लावून छापल्या आणि मग ब्रशचा हात फिरवला.

रंग कधी चढवला, हा प्रश्न अधिक अवघड. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याला ज्यांचे नाव मिळाले, त्या फ्रेंच प्रवासी पिएर सोनरा यांच्या १७८२ च्या प्रवासग्रंथाच्या पुष्कळ प्रतींतली चित्रे न रंगवलेलीच आहेत. अशा ग्रंथातले सुटे रंगीत पान दिसले की छपाई जुनी आणि रंग कालचा, ही शंका घ्यावीच. पान उलटून पाहावे. जंगालासारखा तांब्याचा हिरवा रंग वर्षानुवर्षे कागद खातो, म्हणून पोपटाच्या पंखामागे तपकिरी छाप उमटलेली असते. शिशाचा सफेता हवेतल्या गंधकाने काळवंडतो; पांढरे पोट राखाडी झालेले दिसले, तर तो पक्ष्याचा मूळ रंग समजू नये. नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर तो बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. न चमकणे हा मात्र जुनेपणाचा पुरावा नाही.

फ्रेमिंगबद्दल लेखात अवघी एक ओळ आहे, आणि आपल्याकडे चित्रे बिघडतात ती तिथेच. पाठीमागे हार्डबोर्ड आणि कडांना सेलोटेप लावली की आम्ल कागदात उतरते. आम्लरहित माउंट (चित्राला आधार देणारा पुठ्ठा), गव्हाच्या खळीने चिकटवलेल्या जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, म्हणजे चित्र माउंटला धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या, त्याही फक्त वरच्या कडेला, एवढे पुरते. फेव्हिकॉल नको, तो सुटत नाही. काच चित्राला टेकू देऊ नये, नाहीतर पावसाळ्यात आत दव धरते आणि बुरशी येते. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असावी; ६५ च्या वर धोका. कोकणात जून ते सप्टेंबर फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगूच नये.

डाग ओल्या कापसाने पुसण्याची लेखातली सूचना तर कृपया दुरुस्त करून छापावी. हे जलरंग डिंकात कालवलेले असतात. पाणी लागताच ते सुटतात आणि पसरतात.

आपला,
एक वाचक, पुणे