पत्ते ‘वाचणाऱ्या’ लेन्स : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. तालुक्याच्या गावात डोळे तपासते, चष्मे आणि कॉन्टॅक्ट लेन्स देते. खुणा केलेले पत्ते ओळखण्यासाठी डोळ्यात घालायच्या लेन्स आज मोबाइलवरून कुणीही मागवू शकतो. विषय जुगाराचा वाटतो, म्हणून तो गृहखात्याकडे ढकलला जातो आणि तिथेच बसून राहतो. माझ्या मते तो आधी तुमच्या खात्याचा आहे.

या लेन्स करतात काय, ते नीट सांगते, कारण जाहिरातीत भलतेच लिहिलेले असते. जाहिरात म्हणते ‘इन्फ्रारेड लेन्स’. माणसाला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला प्रकाश दिसतो. त्यापलीकडचा इन्फ्रारेड प्रकाश नुसती रंगीत लेन्स घालून दिसायला लागत नाही. खरे म्हणजे ही रंगाची गाळणी आहे. पत्त्याच्या पाठीवरच्या लाल नक्षीत इतक्या फिक्या शाईने खुणा केलेल्या असतात की साध्या डोळ्यांना त्या कळत नाहीत. लाल लेन्समधून पाहिले की लाल आणि पांढऱ्यातला फरक मावळतो, नक्षी पुसट होते आणि शाई काळसर होऊन वर येते. पाठीवरच दिसते, इस्पिकचा एक्का. रंग लेन्सच्या मधल्या भागात, बाहुलीवर येईल असा असतो. आपल्या काळ्या-तपकिरी डोळ्यांत तो समोर बसलेल्याच्या लक्षातही येत नाही.

२०११ साली फ्रान्समधल्या कान शहरातील एका कॅसिनोत एका टोळीने अशाच लेन्स वापरून सुमारे ७० हजार युरो जिंकले. पुन्हा खेळायला आल्यावर ते पकडले गेले आणि २०१३ मध्ये ग्रासच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावल्या. तिथे कॅमेरे होते, नजर ठेवणारी माणसे होती. आपल्याकडे तीन पत्तीचा डाव गणपतीच्या जागरणात बसतो, दिवाळीत मित्राच्या गच्चीवर बसतो, मळ्यातल्या खोलीत बसतो. कॅट कुणी आणला, हे कोण विचारतो? आणि हरलेला माणूस तक्रार करायला गेला, तर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली तोच आरोपी व्हायची भीती. त्यामुळे तो गप्प बसतो, उसनवारी करतो, बायकोचे डोरले सोनाराकडे जाते. विकणारा मात्र दूर शहरात बसून पुढचे पार्सल बांधत असतो.

आता फसवणाऱ्याच्या डोळ्याबद्दल. त्याची कीव कुणाला येणार नाही, पण मला त्याचाही डोळा तपासावा लागतो. एक तिशीतला तरुण माझ्याकडे आला, डोळा उघडवत नव्हता, सारखे पाणी येत होते. “ताई, कचरा गेलाय,” एवढेच म्हणाला. फ्लुरोसिन या चमकणाऱ्या रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिले, तर बुबुळाच्या जवळजवळ मध्यावर जखम हिरवी चमकत होती. बऱ्याच वेळाने त्याने खिशातून डबी काढली. आत लालसर लेन्सची जोडी, तीही नळाच्या पाण्यात. डबीवर उत्पादकाचे नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही, वक्रता आणि व्यासही नाही. रात्रभर धुराने भरलेल्या खोलीत तो ती घालून बसायचा आणि कधी कधी तशीच झोपायचा. मी त्याला लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. संसर्ग आटोक्यात आला, पण बुबुळावर फूल राहिले. त्या डोळ्याने त्याला आता समोरच्याचा चेहरा धूसर दिसतो.

यात नवल काहीच नाही. कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू बराचसा थेट हवेतून घेतो. न मोजता दिलेली, हवा नीट जाऊ न देणारी लेन्स तासन्‌तास बसली की पृष्ठभाग सोलवटतो, आणि तिथून सुडोमोनाससारखे जंतू आत शिरतात. नळाच्या पाण्यातून अकांथामिबा नावाचा सूक्ष्मजीव येऊ शकतो, त्याचा उपचार महिनोन्‌महिने चालतो. शिवाय लाल गाळणी डोळ्यात ठेवून पहाटे दोन वाजता मोटारसायकलवर निघालेल्याला रस्ता अंधारलेला दिसतो आणि हिरवा दिवा मंदावतो. त्याच्या समोरून येणाऱ्याचा यात काय दोष?

१ एप्रिल २०२० पासून देशात वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. ती विकायला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून एमडी-४२ नोंदणी लागते, आयातीला केंद्राचा एमडी-१५ परवाना लागतो. विक्रेता म्हणेल, या लेन्सला नंबर नाही, ती आजारासाठी नाही, मग ती वैद्यकीय उपकरण कशी? पळवाट नेमकी इथे आहे. नंबर नसला तरी लेन्स बुबुळावर बसते आणि जखम तशीच करते. अमेरिकेने २००५ साली कायदा करून शोभेच्या लेन्ससुद्धा वैद्यकीय उपकरण ठरवल्या. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमावलीत वैद्यकीय हेतू नसलेल्या कॉन्टॅक्ट लेन्सही नियमांखाली घेतल्या. आपण थांबलो आहोत ते कशासाठी, हे मला कळत नाही.

म्हणून मागणे असे. डोळ्यात बसणारी कुठलीही लेन्स, नंबराची असो वा नसो, वैद्यकीय उपकरणच समजली जाईल असा स्पष्ट खुलासा केंद्राकडून मागवा आणि राज्याची शिफारस सोबत जोडा. तोवर आपल्या निरीक्षकांना बनावट ग्राहक म्हणून या लेन्स मागवायला सांगा, नमुने तपासा, आणि नोंदणीशिवाय विकणाऱ्यावर कारवाई करा. जाहिराती उघड्यावर आहेत, पत्ता शोधायला फार कष्ट पडणार नाहीत. खेळणाऱ्यांवर धाडी घालून हा धंदा थांबणार नाही, माल जिथून निघतो तिथे हात घालावा लागेल.

आणखी एक. उपकरणामुळे झालेली इजा नोंदवण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. पण माझ्यासारख्या गावातल्या लोकांपर्यंत तो पोचलेलाच नाही. प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला आणि ऑप्टोमेट्रिस्टला तसे पत्र पाठवा, अर्ज मराठीत द्या. रुग्ण लाजेने खरे सांगत नाही, तेव्हा लेन्स कुठून घेतली हा प्रश्न त्या अर्जात असू द्या, आणि उत्तर पोलिसांकडे जाणार नाही, हेही त्यातच छापा.

श्रावण लागला की पत्ते बाहेर निघतात आणि दिवाळीपर्यंत डाव चालतात. नमुने मागवण्याचे काम त्याआधी झाले, तर यंदाच्या हंगामात फरक पडेल.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातील एक ऑप्टोमेट्रिस्ट