पित्ताच्या गोळीआधी जठरातल्या जंतूची तपासणी द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

राजापूर तालुक्यात, ओणी-अणुस्कुरा रस्त्यालगतच्या एका गावात माझं मेडिकलचं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक बहुतेक पित्ताच्या गोळीचंच असतं. हातात रिकामी स्ट्रिप आणि तोंडात एकच वाक्य, "हीच दे रे, दहा."

माझी काकी त्यातलीच. दोन वर्षं तिला गोळ्या मीच दिल्या, हे लिहिताना आजही जीव कासावीस होतो. पहाटे पोटात कळ येऊन तिला जाग यायची, वाटीभर पेज पोटात गेली की बरं वाटायचं. तिनं तिखट सोडलं, कोकमाचं सार सोडलं, तळलेला बांगडा सोडला. सरकारी दवाखान्यात दोनदा दाखवलं, दोन्ही वेळा तीच गोळी लिहून मिळाली. त्या डॉक्टरांपुढची रांग मी पाहिली आहे, आणि तपासायचं म्हटलं तरी हाताशी साधन नव्हतं.

श्रावणात एका सकाळी ती परसातून येताना भिंत धरून खाली बसली. पोटात रक्तस्राव होऊन शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, पण लाजेपोटी तिनं आठवडाभर कुणाला सांगितलं नव्हतं. भर पावसात घाट चढून कोल्हापूर गाठलं. रक्त चढवलं, दुर्बीण घातली. जठराच्या अस्तराचा कण डॉक्टरांनी एका छोट्या पिवळ्या जेलमध्ये टाकला. थोड्या वेळानं तो पिवळा रंग गुलाबी झाला. "हेलिकोबॅक्टर पायलोरी," ते म्हणाले. हा जंतू अमोनिया तयार करून आपल्याभोवतीचं आम्ल मारतो, म्हणूनच जठरात तग धरतो. रंग बदलला तो त्या अमोनियानं.

साहेब, हे काही नवं ज्ञान नाही. ऑस्ट्रेलियात पर्थच्या रुग्णालयात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये हा जंतू वाढवून दाखवला. ईस्टरच्या सुट्टीमुळे जंतू वाढवायला ठेवलेल्या काचेच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि सावकाश वाढणारा जंतू दिसला. १९८४ मध्ये त्यांचा निबंध 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. तरी अल्सर, म्हणजे जठराच्या किंवा आतड्याच्या सुरुवातीच्या अस्तराला पडणारी जखम, या जंतूमुळे नव्हे तर काळजीनं आणि तिखट खाण्यानं होते, हा समज हलेना. तेव्हा मार्शल स्वतःच त्या जंतूचं द्रावण प्यायले, काही दिवसांत आजारी पडले आणि जठराला आलेली सूज दुर्बिणीत दिसली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या जंतूला कर्करोगकारक ठरवलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आणि माझ्या काउंटरवर अजून फक्त आम्ल दाबणारी गोळी विकली जाते. त्या गोळीनं कळ थांबते, जंतू मरत नाही.

हा जंतू असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, तेव्हा सगळ्या गावाची तपासणी करा असं मी म्हणत नाही. अंगदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊनही अल्सर होतो, तेही विचारलं पाहिजे. पण ज्याचं पोट महिनोन्‌महिने दुखतंय, ज्याला आधी अल्सर झालाय, ज्याच्या घरात जठराचा कर्करोग झालाय, त्याची तरी तपासणी व्हावी. त्यासाठी दरवेळी दुर्बीण लागत नाही. शौचाच्या नमुन्यावरून किंवा श्वासावरूनही जंतू कळतो. शौचाची तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सुरू करा, एवढंच मागणं आहे. पित्ताची गोळी चालू असेल तर तपासणी चुकीची येऊ शकते, म्हणून दोन आठवडे आधी ती थांबवायला सांगणारा माणूसही तिथे हवा.

उपचाराचं एक कळकळीनं सांगतो. जंतू मारणाऱ्या औषधांचा चौदा दिवसांचा पूर्ण कोर्स एकदम हातात द्या. पाच दिवसांचं औषध देऊन "संपलं की या" म्हटलं की आमची माणसं येत नाहीत. लावणी असते, बोट समुद्रात गेलेली असते. अर्धवट औषधानं जंतू दाद देईनासा होतो. आपल्या देशात त्यातल्या मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या औषधांना न जुमानणारे जंतू आधीच बरेच आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्हीकडे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. इथे कोणती औषधं लागू पडतात हे त्यांनी आमच्या रुग्णांवरून तपासून ठरवावं.

हा जंतू बहुधा लहानपणीच घरातल्या माणसांकडून किंवा दूषित पाण्यातून येतो. चैत्र-वैशाखात विहिरींनी तळ गाठला की आमच्या वाड्यांवर पोरं कुठलं पाणी पितात, ते आपण एकदा येऊन पाहावं.

काकीनं कोर्स पुरा केला. महिन्याभरानं फेरतपासणी होती. डबीभर नमुना तपासायला पुन्हा घाट चढून कोल्हापूर, गाडीभाडं आणि चुलतभावाचा बुडालेला रोज. जंतू गेला होता. परतताना तिनं विचारलं, "आता सार खाऊ ना?"

आपला,
राजापूर तालुक्यातील एक औषधविक्रेता