गाडी विकायची नाही, बाबा

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

आधीच सांगते, म्हणजे फोनवर वाद नको. गाडीच्या मागच्या दोन्ही एअर स्प्रिंग, म्हणजे गाडीचं वजन झेलणारे ते हवेचे रबरी फुगे, मी मागवल्या आहेत, पैसेही भरून झाले. शनिवारी सकाळी वर्धा रोडच्या आपल्या नेहमीच्या गॅरेजात बसवून मिळतील. बाबा, रागावू नका.

२०१३ ची गाडी, तिच्यावर कशाला खर्च, असं तुम्ही म्हणालात. पण इंजिन ठणठणीत आहे. थकलंय ते फक्त रबर, आणि नागपूरचे ४५ अंशांचे इतके उन्हाळे काढल्यावर ते तडकणारच. व्हिडिओ कॉलवर तुम्ही साबणाचं पाणी मारून दाखवलंत, तेव्हा डाव्या फुग्याच्या घडीतून बारीक बुडबुडे येताना मला स्पष्ट दिसले. रात्रभर तिथूनच हवा जाते, सकाळी गाडी मागून बसलेली असते आणि फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरत राहतो. असाच चालू राहिला तर तोही जळेल. उजवा फुगा अजून धरून आहे, पण वय दोघांचं सारखंच, म्हणून जोडीच बदलायची.

लोखंडी स्प्रिंगचा विचार मीही केला. स्वस्त पडतात, हवा जायची भीती नाही. पण समृद्धीवरून दादाकडे निघालात की मागे माणसं, डबे, आईच्या पिशव्या. एवढं वजन पडलं तरी हवेच्या स्प्रिंग गाडी आपोआप समतल ठेवतात, लोखंडी तेवढ्या दबतात. आणि आई, तू बोलत नाहीस, पण गाडीतून उतरताना दार धरून क्षणभर थांबतेस. तुझ्या कमरेला आता कडक गाडी नको.

बाबा, स्कूटरवर मी पुढे उभी असायचे, आठवतं? फुटाळ्याला जाताना खड्डा आला की तुमचा एक हात माझ्या पोटाशी यायचा. मला कधी दणका लागला नाही. आता तुम्हा दोघांना लागू नये, एवढंच.

आता नीट ऐका. शनिवारपर्यंत रात्री गाडी काढायची नाही. मागची बाजू बसली की हेडलाइट वर उठतो, समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. गॅरेजात गाडी उचलण्याआधी हवेचं सस्पेन्शन बंद करायला सांगा. नव्या फुग्यात हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन त्यावर टाकू देऊ नका, घडी चुकीची पडली तर नवं रबरही खराब होतं. उंची स्कॅनर लावून सेट करून घ्या. रविवारी उठल्यावर चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत दोन्हीकडे टेपने मोजा आणि आकडे मला पाठवा.

आणि गाडीखाली वाकायचं नाही. वय झालं म्हणून म्हणत नाही हो. हवा सुटली की गाडी एकदम खाली येते, स्टँड लावल्याशिवाय पोरांनीही खाली जाऊ नये.

नाश्ता करून, बीपीची गोळी घेऊनच निघा. पाण्याची बाटली आणि दुपट्टा सोबत ठेवा. आई, तू घरीच थांब, तिथल्या बाकावर तुझी पाठ धरेल. काम लांबलं तर बाबा, गाडी तिथेच ठेवून ऑटोने घरी या, जेवणाची वेळ चुकवू नका. जुने फुगे मात्र घरी आणू नका, गच्चीवरच्या खोलीत आता जागा नाही.

तुमची,
मनू