रात्री दोन वाजता कोण?

महोदय,
रुग्णालयातले तातडीचे उपचार घरीच देण्याची कल्पना धोकादायक म्हणून सरसकट मोडीत काढू नये. बोस्टनमधल्या ९१ रुग्णांच्या चाचणीत (२०२०) महिन्याभरात पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण घरच्या गटात ७ टक्के, तर रुग्णालयातल्या गटात २३ टक्के होते. अर्थात रुग्ण थोडे, तेही पारखून घेतलेले.

माझी धास्ती वेगळी आहे. न्यूमोनियाच्या रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलाय आणि रात्री दोनला आकडा ९४ वरून ८८ वर आला. बोट गार पडल्याने यंत्र चुकतेय, की प्राणवायू खरंच घटलाय? वॉर्डात हे नर्स पाहते. घरी झोपेने डोळे तारवटलेली सून. (सूनच, मुलगा नव्हे!) तिचा फोन लगेच उचलणारी नर्स, ठरलेल्या मिनिटांत दारात येणारे पथक आणि गरज पडताच मिळणारी खाट, यातले एक जरी नसले तर तो नुसता लवकर दिलेला डिस्चार्ज ठरतो. घरी पाठवतानाच रात्रीची जबाबदारी कोणाची, हे रुग्णालयाने लेखी द्यावे, फोन नंबरासकट.

– एक वाचक