माजघरातला मासळीचा वास

चिपळूण,
दि. 22 ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुझे पत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यातच मिळाले होते. उत्तराला दीड महिना लागला याचे कारण आळस नाही. त्या काळात मी माझ्याच घरात एका वासाच्या मागावर होतो, आणि तो सापडल्याशिवाय दुसरे काही लिहावेसे वाटेना. तू शाळेच्या वयात आमच्या माजघरात कितीतरी रात्री काढल्या आहेस, तेव्हा हे घर तुला वेगळे सांगायला नको. परसदाराजवळच्या भिंतीवर लाकडी पट्ट्यांवरून आलेली वायर, सागवानी बोर्ड आणि त्यावरची काळी गोल बटणे तुला आठवत असतील. ती सगळी परवापर्यंत जागच्या जागी होती.

जूनच्या अखेरीस एका सकाळी सौ.ने विचारले, "मासे कोण तळतंय?" मी जाऊन पाहिले, तर माजघरात मासळीचा स्पष्ट वास होता. बाजारात टोपलीजवळून जाताना येतो तसा नव्हे, थोडा करपट आणि घशाला लागणारा. आठच्या सुमारास तो विरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आला. आत्या आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिच्या हयातीत या घरात मासा शिजलेला नाही, त्यामुळे तिने देवघरातून बाहेर येऊन निकालच देऊन टाकला: "पलीकडचे."

पलीकडचे म्हणजे आमचे भाडेकरू. माजघराच्या मागच्या भिंतीला लागून एका अंगाला न्हाणीघर आहे आणि दुसऱ्या अंगाला त्यांचे स्वयंपाकघर. त्या घरच्या वहिनी मूळच्या हर्णै या मासेमारी बंदराच्या, त्यामुळे संशयाला पुरावा लागलाच नाही. मला आज लिहितानाही लाज वाटते, पण मी त्यांच्याकडे जाऊन, अगदी गोड शब्दांत, "मोरीत जरा फिनेल ओतत चला" असे सांगून एक बाटली देऊन आलो. वर आठ दिवसांनी दुसरीही दिली. दुसऱ्या वेळी त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या वाळूवर ओढून ठेवल्यात. आम्हालाच मासा मिळत नाही, तुम्हाला कुठला वास येतो?" मी मनात म्हटले, सुकट असेल. माणसाने एकदा ठरवले की त्याला सुकटही पुरते.

तरीही आयुष्यभर विज्ञान शिकवल्याचा थोडा तरी उपयोग व्हावा म्हणून मी बाकीच्या शक्यता तपासल्या. गॅस पहिल्याच दिवशी पाहिला होता. त्याला मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा वास निराळा असतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तो गॅस जमिनीलगत साचतो. आमचा वास तर उभ्या माणसाच्या नाकाशी होता. मागच्या खोलीतली मोरी वर्षभर वापरात नाही, तिच्या ट्रॅपमधले, म्हणजे गटाराची हवा अडवणाऱ्या वाकड्या नळीतले, पाणी आटून गटाराची हवा वर येत असेल म्हणून दोन बादल्या ओतल्या. माळ्यावर चढून उंदीर शोधला, चिचुंद्रीची वाट शोधली. पण मेलेला उंदीर घड्याळ पाहून कुजत नाही, आणि हा वास तर रोज सव्वासहाला येऊन आठला जात होता. आणखी एक अडचण नाकाचीच होती. पाच मिनिटे एकाच जागी हुंगत उभे राहिले की नाक त्या वासाला सरावते आणि वास गेल्यासारखा वाटतो. म्हणून मी अंगणात जाऊन यायचो, एक फेरी मारून पुन्हा आत. भर पावसात छत्री घेऊन अंगण आणि माजघर यांच्या दरम्यान येरझाऱ्या घालणारा मी शेजाऱ्यांना कसा दिसलो असेन ते तूच ताड. या फेऱ्यांमधून एवढेच हाती लागले की वास आत्याच्या गोधड्यांच्या कपाटाशी सर्वांत दाट आहे. कपाट उघडले तर गोधड्यांनाच वास! त्या सगळ्या बाहेर काढल्या, धुतल्या, आणि पावसाळ्यात न वाळल्यामुळे घरात दुसराच एक वास सुरू झाला.

मग कॅलेंडरवर वेळा टिपायला लागलो, आणि त्या टिपणांनीच मला शहाणे केले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लाइनवर झाड पडले आणि दोन दिवस वीज नव्हती. त्या दोन्ही सकाळी वास आला नाही. पलीकडे मात्र दोन्ही दिवस वेळेवर फोडण्या पडत होत्या, त्यांचा लसणीचा वास मला भिंतीतून ऐकू यावा इतका स्वच्छ येत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली आणि चौथ्या दिवशी सव्वासहाला मासा हजर. सव्वासहाला आमच्या घरात विजेचे एकच काम होते: मी गीझर लावतो.

गीझरची हकिकत तुला ठाऊक नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात माजघरात पुरुषभर पाणी होते आणि त्यात आमचा तांब्याचा बंब वाहून गेला. त्याच्या जागी 2000 वॅटचा गीझर आणला. वायरमन तेव्हाच म्हणाला होता की मीटरपासून वेगळी लाइन ओढू या. पण पुरानंतर खर्चाचा डोंगर होता, म्हणून मीच हट्टाने न्हाणीघराच्या भिंतीतून वायर माजघरात आणली आणि जुन्या बोर्डावर जोडायला लावली. गीझरची मोठी पिन तिथल्या 5 अँपिअरच्या लहान सॉकेटात बसेना, म्हणून बाजारातून एक कन्व्हर्टर आणला. 230 व्होल्टवर हा गीझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, हा भागाकार मी मुलांकडून हजारदा करून घेतला असेल. घरी एकदाही केला नाही. वर तो बोर्ड दिसायला वाईट म्हणून त्याच्यापुढे आत्याचे कपाट सरकवले.

कपाट ओढले तेव्हा बोर्डाच्या वरच्या चुन्यावर बशीएवढा तपकिरी डाग होता. हाताची पालथी बाजू जवळ नेली तर चहाच्या पातेल्यासारखी धग लागली. कोरोनाच्या वेळचा कपाळाला लावायचा थर्मामीटर घरात पडून होता, तो रोखला. त्याने आकडा न दाखवता नुसते 'हाय' म्हटले. मेन स्विच पाडला आणि वायरमनला फोन केला.

त्याने पिन पकडीने ओढून काढली, कारण ती आत चिकटली होती. कन्व्हर्टरची एक बाजू कोरीच्या कोरी होती आणि दुसऱ्या बाजूवर भाजलेल्या पापडासारखे फोड आले होते. त्या बाजूची पितळी पिन निळसर काळी पडली होती. बोर्ड उघडला तर आत पालीची दोन अंडी, पुराच्या गाळाचा वाळलेला थर, आणि स्क्रूखाली ॲल्युमिनियमच्या तारेवर पांढरी पूड. ती तार स्क्रूखाली दबून हळूहळू बसते, जोड ढिला होतो, वर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो आणि तेवढ्या जागेचा रोध वाढून उष्णता तिथेच साठते. मी विचारले, फ्यूज का उडाला नाही? तो म्हणाला, "काका, फ्यूजला करंट कळतो, गरमी कळत नाही. करंट तर रोजचाच होता." शिवाय त्या किटकॅट फ्यूजमध्ये, म्हणजे हाताने तार भरायच्या जुन्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये, कोणीतरी बोटभर जाडीची वाटावी अशी तांब्याची तार भरली होती. ते कोणीतरी म्हणजे आमचे काका असावेत, पण ते आता उत्तर द्यायला नाहीत.

मासळीचे कोडे यात सुटते. माशाला वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथिल अमाइनचा, आणि प्लग व स्विच ज्या कडक प्लास्टिकचे करतात त्यांतली काही तापली की तशाच अमाइन जातीची द्रव्ये सोडतात. पावसात अंघोळीचे पाणी जास्त तापवावे लागते, गीझर तास-दीड तास चालतो, म्हणून वास जूनमध्येच उघडकीस आला.

आता मीटरपासून 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन, 16 अँपिअरचा पॉइंट आणि ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागताच ती तोडणारा स्विच, बसवला आहे. सागवानी बोर्ड काढताना मला वाईट वाटले, हे तुला सांगायला हरकत नाही. तू त्याच्याखाली बसून भूमिती केली होतीस. वहिनींकडे जाऊन मी झाला प्रकार सांगितला आणि क्षमा मागितली. त्या आत गेल्या आणि फिनेलची न उघडलेली दुसरी बाटली आणून त्यांनी माझ्या हातात ठेवली. बोलल्या काही नाहीत.

आत्याला पटवणे त्याहून अवघड होते. शेवटी जळका कन्व्हर्टर तिच्या नाकाशी धरला. तिने दोनदा हुंगला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हाच. पण मी बोंबील समजत होते, ही तर सुरमई." हा भेद ती कुठे शिकली, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

तुझ्या वाड्यातला कोठीच्या खोलीतला बोर्ड आमच्याच वयाचा आहे. त्याच्यापुढे पेट्या रचल्या असतील तर दसऱ्याची वाट न पाहता त्या बाजूला कर. गणपतीला येतोस ना? पाणी गरम मिळेल.

तुझा बालमित्र